बाईंचा आवाज, ठाण्याची केस आणि लंडनचा निकाल

ऐरोलीतल्या एका मराठी शाळेत पहिलीच्या वर्गाला शिकवणाऱ्या बाई माझ्या ऑफिसात आल्या तेव्हा सगळं बोलत होते त्यांचे मिस्टर, बाई नुसत्या शेजारी बसून. मला वाटलं चिडल्यात किंवा संकोचल्यात. मग मी त्यांनाच काहीतरी विचारलं आणि त्यांनी उत्तर दिलं तेव्हा कळलं, आवाजच नाहीये. म्हणजे होता, पण घोगरा, मधूनच हवा निसटल्यासारखा, आणि दोन-तीन वाक्यांनंतर पार दमून जाणारा. म्हणाल्या, "सर, रोज सकाळची प्रार्थना मी सांगायचे. आता माझ्या वर्गाची हजेरीसुद्धा दुसऱ्या बाई घेतात."

नाव, शाळा, हॉस्पिटल, डॉक्टर यातलं काही लिहिणार नाही. बाईंना विचारूनच लिहितोय आणि ओळख पटू नये म्हणून एक-दोन तपशील बदललेत. पण ही केस नीट लिहून काढावी असं बरेच दिवस वाटत होतं, कारण हिच्यात एक प्रश्न असा आला जो आम्ही लॉ कॉलेजात घोकून पास झालो पण कधी अंगावर आला नव्हता. आपला कायदा वाचताना आपल्या न्यायाधीशांनी परदेशातला कायदा बघावा का, आणि बघितला तर त्याचं नेमकं काय करायचं.

काय झालं होतं

बाईंच्या मानेत थायरॉईडची गाठ होती. सोनोग्राफी झाली, सुई घालून तपासणी झाली, रिपोर्ट आला साधी गाठ, कॅन्सर नाही. गिळताना कधीकधी अडकल्यासारखं व्हायचं एवढाच त्रास. ठाण्यातल्या एका खासगी हॉस्पिटलात सर्जन म्हणाले काढून टाकू, तीन दिवसांत घरी जाल, पंधरा दिवसांत शाळेत. ऑपरेशनच्या दिवशी सकाळी साडेसहाला नर्स कन्सेंट फॉर्म घेऊन आली, चार पानं, सगळं इंग्रजी, बारीक अक्षरात, आणि सही कुठं करायची तिथं आधीच पेन्सिलनं फुली मारलेली. बाईंनी सही केली. फॉर्मवर छापलेलं होतं की सगळे धोके पेशंटला समजावून सांगितलेत, आणि त्याखाली धोके लिहायला जो रकाना होता तो कोरा.

आता थायरॉईडच्या मागून दोन्ही बाजूंनी एकेक बारीक नस स्वरयंत्राकडे जाते, रिकरंट लॅरिंजियल नर्व्ह म्हणतात तिला. ऑपरेशनमध्ये तिला धक्का बसू शकतो. बहुतेक वेळा काही आठवड्यांत, फार तर काही महिन्यांत आवाज परत येतो, कायमचा बिघडण्याचं प्रमाण साधारण शंभरात एक-दोन असं धरतात. हा काही जगावेगळा धोका नाही, प्रत्येक सर्जनला शिकवतात. बाईंची डावी व्होकल कॉर्ड हलेनाशी झाली आणि वर्षभरानंतर पुन्हा दुर्बिणीतून बघितलं तरी तीच स्थिती.

पहिली गोष्ट मी त्या दोघांना सांगितली ती म्हणजे ऑपरेशन चुकलं असं आपण म्हणायचं नाही. काकांना, म्हणजे बाईंच्या मिस्टरांना, हे पटायला दोन मीटिंगा गेल्या, त्यांना तर डॉक्टरची डिग्री काढून घ्यायची होती. पण कागद बघितले तर ऑपरेशन नीट केल्याचंच दिसत होतं. खूप काळजीनं केलं तरी नसेला इजा होऊ शकते. आपली तक्रार एवढीच, की हा धोका आहे हे बाईंना आधी सांगायला पाहिजे होतं.

मी बाईंना विचारलं, सांगितलं असतं तर ऑपरेशन केलं नसतं का? इथं बहुतेक क्लायंट पटकन म्हणतात, छे, केलंच नसतं. बाईंनी विचार केला. म्हणाल्या, "तसं खोटं कशाला सांगू. केलं असतं कदाचित. पण मेच्या सुट्टीपर्यंत थांबले असते, परळला जाऊन अजून एका डॉक्टरांना विचारलं असतं, आणि आवाज गेला तर काय करायचं ते घरात ठरवून ठेवलं असतं." हे वाक्य मी शपथपत्रात जसंच्या तसं घातलं. काका म्हणाले, याने केस कमजोर होईल. मला उलट वाटत होतं आणि अजूनही वाटतं.

समोरच्यांचं म्हणणं

आम्ही जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार केली. हॉस्पिटलच्या कैफियतीत, म्हणजे लेखी उत्तरात, दोन गोष्टी एकाच वेळी होत्या. परिच्छेद ७ मध्ये, की धोका तोंडी सांगितला होता. परिच्छेद ११ मध्ये, की एवढा दुर्मीळ धोका सांगायची पद्धत नसते, सांगितलं तर पेशंट घाबरतात आणि गरजेची ऑपरेशनं टाळतात. सोबत दोन अनुभवी सर्जनांची शपथपत्रं की आम्हीही असंच करतो.

ही शपथपत्रं का, तर बोलम टेस्ट. मेडिकलच्या केसेस करणाऱ्या प्रत्येकाच्या तोंडात हे नाव असतं, पण बोलम म्हणजे काय, तर जॉन बोलम नावाचा एक पेशंट, १९५४ साली लंडनच्या एका मानसिक रुग्णालयात त्याला विजेचे झटके दिले, स्नायू सैल करायचं औषध दिलं नव्हतं, झटक्यात त्याची हाडं मोडली. त्यानं दावा केला. १९५७ मध्ये न्या. मॅकनेर यांनी ज्युरीला समजावलं की डॉक्टर ज्या पद्धतीनं वागला ती पद्धत त्याच क्षेत्रातल्या जाणकारांच्या एका जबाबदार गटाला मान्य असेल, तर त्याला निष्काळजी म्हणता येत नाही, दुसऱ्या गटाचं मत वेगळं असलं तरी. ज्युरीनं हॉस्पिटलच्या बाजूनं कौल दिला. म्हणजे हा मुळात तिथल्या सर्वोच्च कोर्टाचा निकालही नव्हे, एका ट्रायल जजनं ज्युरीला केलेलं मार्गदर्शन. बोलमचीही एक तक्रार हीच होती की मला धोका सांगितला नाही.

तिथून ती टेस्ट आपल्याकडे आली. सुप्रीम कोर्टानं जेकब मॅथ्यू प्रकरणात २००५ साली ती स्पष्ट शब्दांत स्वीकारली. त्याच्याही आधी १९६८ मध्ये लक्ष्मण बाळकृष्ण जोशी विरुद्ध त्र्यंबक बापू गोडबोले. रत्नागिरी जिल्ह्यात पालशेतच्या समुद्रकिनारी एका वीस वर्षांच्या मुलाच्या मांडीचं हाड मोडलं, त्याला टॅक्सीनं पुण्याला नेलं, उपचारात तो गेला. सगळी माणसं मराठी, सगळी जागा महाराष्ट्रातली, पण डॉक्टरचं कर्तव्य काय हे सांगताना आपल्या कोर्टानं हॅल्सबरीचा ग्रंथ उघडला, जो इंग्लंडच्या कायद्याचा आहे. यात मी दोष काढत नाहीये. या विषयावर आपल्याकडे संसदेनं केलेला असा कायदाच नव्हता तर न्यायाधीश कुठंतरी बघणारच. मला एवढंच नोंदवायचंय की "परदेशी कायदा बघावा का" हा प्रश्न आपल्याकडे कोऱ्या पाटीवर येत नाही. पाटीवर इंग्लंडची अक्षरं आधीच आहेत. मग प्रश्न खरं तर असा होतो, की १९५७ चं इंग्लंड चालतं तर २०१५ चं का नाही.

आम्ही काय मांडलं

२०१५ म्हणजे माँटगोमेरी. स्कॉटलंडमधल्या नॅडीन माँटगोमेरी, मधुमेह असलेल्या, अंगकाठीनं लहान. अशा आईचं बाळ मोठं असतं आणि बाळंतपणात खांदा अडकण्याची शक्यता नऊ-दहा टक्के असते. डॉक्टरनं सांगितलं नाही, कारण सांगितलं की बायका सिझेरियन मागतात. १९९९ मध्ये बाळ जन्मलं, खांदा अडकला, बाळाला कायमची गंभीर इजा झाली. ११ मार्च २०१५ ला ब्रिटनच्या सुप्रीम कोर्टानं ठरवलं की धोका सांगायचा की नाही हे डॉक्टरांच्या पद्धतीवर ठरत नाही, त्या पेशंटच्या जागी असलेल्या समजदार माणसाला तो धोका महत्त्वाचा वाटला असता का यावर ठरतं, किंवा याच पेशंटला तो महत्त्वाचा वाटेल हे डॉक्टरला कळायला हवं होतं का यावर. म्हणजे माहिती देण्यापुरतं बोलम इंग्लंडनं स्वतःच सोडून दिलं.

आणि हे त्यांनी कसं केलं ते बघा. पेशंटच्या नजरेनं बघायचा हा विचार अमेरिकेत १९७२ मध्ये कँटरबरी विरुद्ध स्पेन्स मध्ये आला, तो कॅनडानं १९८० मध्ये राइबल विरुद्ध ह्यूज या प्रकरणात घेतला, ऑस्ट्रेलियानं १९९२ मध्ये रॉजर्स विरुद्ध व्हिटकर मध्ये. त्या ऑस्ट्रेलियन बाईंचा एकच डोळा चांगला होता, दुसऱ्या डोळ्याच्या ऑपरेशनमुळं चांगल्या डोळ्याला इजा होण्याची शक्यता चौदा हजारांत एक. त्यांनी पुन्हापुन्हा विचारलं होतं, तरी सांगितलं नाही, आणि दोन्ही डोळे गेले. चौदा हजारांत एक हा आकडा डॉक्टरला क्षुल्लक, पण एकच डोळा असलेल्या माणसाला नाही, हे तिथल्या कोर्टानं ओळखलं. इंग्लंडनं २०१५ मध्ये कॅनडा आणि ऑस्ट्रेलिया दोघांचे निकाल वाचून स्वतःचा जुना निकाल बदलला. ज्यांच्याकडून आपण घेतलं ते स्वतः दुसऱ्यांकडं बघतात.

युक्तिवादाच्या दिवशी हे सगळं मी सांगायला लागलो आणि आयोगाच्या अध्यक्ष मॅडमनी थांबवलं. "वकीलसाहेब, आमच्यावर बंधनकारक काय आहे ते आधी सांगा." बरोबरच होतं. माझी चूक, मी उलट्या टोकानं सुरू केलं होतं.

आमच्यावर बंधनकारक होतं ते समीरा कोहली. २००८ चा सुप्रीम कोर्टाचा निकाल, न्या. रवींद्रन यांनी लिहिलेला. एका ४४ वर्षांच्या बाईंची तपासणीसाठी दुर्बिणीतून लॅप्रोस्कोपी चाललेली, त्या भूल दिलेल्या अवस्थेत, आणि बाहेर बसलेल्या त्यांच्या आईची संमती घेऊन गर्भाशय आणि अंडाशय काढून टाकले. कोर्टानं सांगितलं पेशंट शुद्धीवर येईपर्यंत थांबता येत असेल तर दुसऱ्या कोणाची संमती चालत नाही. डॉक्टरनं फी घ्यायची नाही आणि वर २५ हजार रुपये भरपाई. पण याच निकालात कोर्टानं अमेरिकेचा कँटरबरी आणि इंग्लंडचा बोलम दोन्ही समोर ठेवले आणि किती माहिती द्यायची यासाठी बोलम निवडला. उपचाराचं स्वरूप, हेतू, फायदे, पर्याय, मोठे धोके आणि उपचार नाकारले तर काय होईल हे सांगायचं, पण लांबचे किंवा नुसते पुस्तकी धोके सांगायची गरज नाही.

संविधानाच्या कलम १४१ प्रमाणे हे जिल्हा आयोगावर बंधनकारक आहे, लंडनचं नाही. समोरचे वकील ज्येष्ठ, अभ्यासू, त्यांनी हे ठामपणे मांडलं आणि मी उभं राहून मान्य केलं.

एक मात्र मला बोलायचंय. समीरा कोहलीत कँटरबरी का नको याचं कारण असं दिलंय की आपल्याकडचे बहुतेक पेशंट गरीब, निरक्षर किंवा अर्धसाक्षर, त्यांना वैद्यकीय गोष्टी समजणार नाहीत. पद्धत म्हणून कोर्टानं जे केलं ते मला पूर्ण पटतं, दोन देशांचा कायदा समोर ठेवला, आपली परिस्थिती बघितली, आणि कारण देऊन एक निवडला. असंच करायला पाहिजे. पण ते कारण मला पटत नाही, आणि बाईंच्या समोर बसून तर अजिबात पटलं नाही. ज्याला वाचता येत नाही त्याला जास्त समजावून सांगायला लागतं, कमी नाही. सव्वीस वर्षं सहा वर्षांच्या पोरांना अक्षरओळख करून देणारी बाई, तिला "तुमच्या आवाजाला धोका आहे" हे मराठी वाक्य समजलं नसतं?

कायद्यातले दोन शब्द

मॅडमनी थांबवल्यावर मी कागद उलटे लावले आणि आपल्याच कायद्यापासून सुरू केलं. ग्राहक संरक्षण कायदा २०१९, कलम २(११), सेवेतली त्रुटी म्हणजे काय. जुन्या १९८६ च्या कायद्याच्या व्याख्येत जे नव्हतं ते यात आहे, की संबंधित माहिती जाणूनबुजून दडवणं ही सुद्धा त्रुटी. समीरा कोहली जुन्या कायद्याखालची, त्या वेळी हे शब्दच नव्हते. हे आपल्या संसदेनं लिहिलेले शब्द आहेत, लंडननं नाही.

आता "जाणूनबुजून". समोरचे म्हणाले डॉक्टरचा काही वाईट हेतू नव्हता. मान्य, नव्हताच. पण तुमच्याच परिच्छेद ११ मध्ये लिहिलंय की पेशंट घाबरतात म्हणून आम्ही सांगत नाही. विसरलात असं नाही, ठरवून सांगितलं नाही. आणि केस पेपरच्या पहिल्या पानावर, डॉक्टरांच्या स्वतःच्या अक्षरात, व्यवसाय: शिक्षिका.

आणि "संबंधित". कोणाच्या दृष्टीनं संबंधित, डॉक्टरच्या की पेशंटच्या? कायद्यात लिहिलेलं नाही. समीरा कोहलीतला "मोठा धोका", तोही कोणासाठी मोठा, हेही तिथं पूर्ण उलगडलेलं नाही. खरी जागा इथं आहे. शब्द आपला, पण त्याचा अर्थ दोन बाजूंना जाऊ शकतो, तेव्हा त्याच प्रश्नावर चार देशांच्या कोर्टांनी तीस-चाळीस वर्षं काय विचार केला हे वाचायला काय हरकत आहे? हुकूम म्हणून नाही, त्यांची कारणं म्हणून. पटली तर घ्या, नाही पटली तर का नाही ते लिहा. शिवाय २०१९ सालीच अरुणकुमार मांगलिक प्रकरणात, भोपाळच्या डेंग्यूच्या पेशंटची केस, आपल्या सुप्रीम कोर्टानं सांगितलंय की बोलमचं प्रमाण इंग्लंड आणि भारत दोन्हीकडच्या नंतरच्या निकालांबरोबर पुढं सरकायला हवं.

नुसतं घेणं नाही, नाकारणंसुद्धा बघूनच होतं. ऐरोली, रबाळे, महापे या पट्ट्यात राहणाऱ्याला केमिकलच्या कंपन्या काय ते सांगायला नको. दिल्लीत डिसेंबर १९८५ मध्ये ओलियम गॅस गळला त्या एम. सी. मेहता प्रकरणात इंग्लंडचा १८६८ चा रायलंड्स विरुद्ध फ्लेचर हा नियम समोर होता, ज्यात मालकाला सुटायला बऱ्याच फटी होत्या. न्या. भगवतींच्या पीठानं तो नीट वाचला आणि सांगितलं की आम्ही याला बांधील नाही, घातक उद्योग चालवणारा पूर्ण जबाबदार, फटी नाहीत. परदेशी निकाल वाचून त्याच्या पुढं गेलेलं असं उदाहरण आपल्या घरात आहे.

रात्रीचं एक पान

आता या केसमधला जो भाग मला सगळ्यात जास्त शिकवून गेला तो. लेखी युक्तिवाद द्यायच्या दोन दिवस आधी रात्री माँटगोमेरीच्या नंतर काय झालं ते बघत बसलो आणि मॅककलक सापडला. ब्रिटनच्या सुप्रीम कोर्टाचाच, जुलै २०२३. त्यात त्यांनी माँटगोमेरीला मर्यादा घातली, की कुठले उपचार हे वाजवी पर्याय आहेत हे ठरवणं डॉक्टरी कौशल्याचा भाग, तिथं बोलमसारखीच व्यावसायिक कसोटी लागेल. धोका सांगायच्या बाबतीत माँटगोमेरी कायम, पर्यायांच्या बाबतीत थोडं मागं. आणि आमच्या तक्रारीत एक मुद्दा होता की "थांबून लक्ष ठेवणं" हा पर्याय सांगितला नाही. म्हणजे हा निकाल अर्धा आमच्या विरुद्ध.

समोरच्यांना तो सापडलेला नव्हता, त्यांच्या यादीत नव्हता.

परदेशी कायद्याच्या विरोधात जो आक्षेप मला सगळ्यात खरा वाटतो तो हाच, की वकील आणि जज आपल्याला सोयीचं तेवढं उचलतात. जगात एवढे देश, कुठं ना कुठं आपल्या बाजूचं सापडतंच. अमेरिकेत २००५ च्या रोपर विरुद्ध सिमन्स मध्ये हाच वाद पेटला. गुन्ह्याच्या वेळी अठराच्या आतल्या मुलांना फाशी नको असं म्हणताना न्या. केनेडींनी जगातल्या इतर देशांचा दाखला दिला, आणि न्या. स्कालियांनी आपल्या विरोधी मतात झोडपलं, की तुम्हाला पटतं तेव्हाच जग आठवतं. दक्षिण आफ्रिकेनं तर संविधानातच लिहून टाकलंय, कलम ३९, मूलभूत हक्क वाचताना आंतरराष्ट्रीय कायदा बघायलाच हवा, परदेशी कायदा बघू शकता. आपल्याकडे असं काही लिहिलेलं नाही, त्यामुळे जबाबदारी वकिलावर आणि जजवर जास्त येते.

माझ्या डोळ्यासमोर मॅककलक उघडा होता आणि खरं सांगतो, मिनिटभर वाटलं, कोण बघतंय. पण स्कालियांचा आक्षेप आपल्यालाच लागू होईल असं वागलो तर उद्या "परदेशी निकाल वाचा" असं म्हणायचा मला काय अधिकार? लेखी युक्तिवादात मॅककलक घातला, तो कुठं आमच्या विरुद्ध जातो ते लिहिलं आणि पर्यायाचा मुद्दा सोडून दिला. धोका सांगण्याचा तेवढा ठेवला. सकाळी काकांना फोन करून सांगितलं तर ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग बाईंनी फोन घेतला, म्हणाल्या, "बरोबर केलं सर."

समोरच्या वकिलांनी पुढच्या तारखेला अर्थातच तो वापरला, आणि चांगला वापरला. त्यांचा दुसरा मुद्दाही वजनदार होता, की ब्रिटनमध्ये सरकारी आरोग्यसेवा आहे, तिथला डॉक्टर आणि इथला एका ओपीडीत साठ पेशंट बघणारा डॉक्टर यांना एकच माप लावू नका. हे मी हलकं घेत नाही. माझी स्वतःची बहीण नर्स आहे, कळव्याला राहते, तिची ड्युटी मी बघितलीय. पण याचं उत्तर मला वाटतं कोण सांगणार आणि कुठल्या भाषेत सांगणार यात आहे. सांगायचंच नाही, हे त्याचं उत्तर होऊ शकत नाही.

निकाल आणि पुढं

निकाल आमच्या बाजूनं लागला, अर्धवट. वीस लाख मागितले होते, साडेतीन लाख आणि खर्च मिळाला. आयोगानं लिहिलं की धोक्याचा रकाना कोरा, तोंडी सांगितल्याचा पुरावा नाही, सांगितलं आणि सांगायची पद्धत नाही या दोन गोष्टी एकत्र टिकत नाहीत, समीरा कोहलीचं प्रमाणही पाळलेलं नाही आणि शिक्षिकेसाठी ही संबंधित माहिती होती. परदेशी निकालांवर एकच वाक्य, दोन्ही पक्षांनी दाखवले, वाचले, या प्रकरणात त्यावर निर्णय द्यायची गरज नाही.

मला आधी वाईट वाटलं, इतकी मेहनत. पण दोन-तीनदा निकाल वाचला आणि "शिक्षिकेसाठी" या शब्दावर थांबलो. आयोगानं पेशंटच्या बाजूनं बघितलंय. ते कुठून आलं हे कोणी सांगू शकणार नाही, बाईंच्या शपथपत्रातून असेल, कलमातून असेल, ऑस्ट्रेलियातल्या त्या एक डोळा असलेल्या बाईंच्या निकालातूनही असेल. कुठून आलं ते लिहिलं असतं तर जास्त बरं झालं असतं. जज परदेशी निकाल वाचून विचार करणार आणि लिहिणार नाही, यापेक्षा वाचून, लिहून, उघडपणे नाकारला तरी चालेल. वरच्या कोर्टाला तपासता येतं.

हॉस्पिटलनं निम्मी रक्कम भरून पंचेचाळीस दिवसांच्या आत राज्य आयोगाकडे अपील केलंय. पहिलाच ग्राउंड असा आहे की जिल्हा आयोगानं बोलमऐवजी पेशंटच्या नजरेची कसोटी लावली, जी भारताचा कायदा नाही. म्हणजे खाली जो प्रश्न बाजूला ठेवला तोच आता वर समोर येणार, आणि मला यावेळी तयारी वेगळ्या क्रमानं करायचीय.

गेल्या महिन्यात बाई आणि काका आले होते. साठ पेशंटच्या ओपीडीचा मुद्दा अपिलात पुन्हा येणार हे मी सांगितलं तर बाईंनी माझ्याकडून कागद मागितला आणि पहिलीच्या पुस्तकासारख्या गोल अक्षरात लिहिलं:

"तुमच्या गाठीच्या मागून आवाजाची नस जाते. ऑपरेशनमध्ये तिला धक्का लागू शकतो. आवाज बसला तर बहुतेक वेळा परत येतो, पण शंभरात एक-दोघांचा कायमचा बिघडतो. तुम्ही शिक्षिका आहात म्हणून विचार करून सांगा. गाठ साधी आहे, घाई नाही."

मोठ्यानं वाचायला काकांना दिलं, कारण बाईंना दुपारनंतर एवढं सलग बोलता येत नाही. मी मोबाईलवर वेळ लावली. पंचवीस सेकंद.

लेखी युक्तिवादात तो कागद आता पान १ वर लावलाय. त्याच्यामागं कलम २(११), मग समीरा कोहली, मग मांगलिक. माँटगोमेरी आणि मॅककलक दोन्ही आहेत, शेजारी शेजारी, पान ८७ पासून पुढं.